अनुभवाचा दाखला

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, आमच्या धर्मग्रामातील एक तरुण संध्याकाळच्या मिस्सेनंतर माझ्याकडे आला. हातात अवजड वाहनाचा परवाना होता, तीन आठवड्यांपूर्वी मिळालेला. महामार्गालगतच्या सात-आठ वाहतूकदारांच्या कचेऱ्या तो पालथ्या घालून आला होता आणि प्रत्येक ठिकाणी त्याला एकच प्रश्न विचारण्यात आला होता: “किती वर्षं गाडी चालवलीस?” खरे उत्तर दिले की संभाषण तेथेच संपत असे. “फादर, चर्चच्या कागदावर एवढंच लिहून द्या, की शाळेच्या बांधकामावर मी दोन वर्षं रेतीची गाडी चालवली. तुमच्या सहीवर कोणी शंका घेणार नाही.”

मी नकार दिला. नकार देणे मला मुळीच जड गेले नाही, आणि हीच गोष्ट पुढे कित्येक दिवस मनाला टोचत राहिली.

संत थॉमस अ‍ॅक्विनस यांनी असत्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: थट्टेचे, उपकारक आणि अपकारक. सेमिनरीत आम्ही ते घोकून पाठ केले होते. हा मुलगा मागत होता ते असत्य प्रथमदर्शनी उपकारक वाटते. कोणाचे वाईट व्हावे असा त्याचा हेतू नव्हता. घरी आजारी वडील आणि शिकणारी बहीण होती. परंतु दोन आसांच्या साध्या ट्रकचे भारासह वजन साडेअठरा टनांपर्यंत असू शकते. असा भरलेला ट्रक कसाऱ्याच्या किंवा खंडाळ्याच्या घाटात उतरविताना जुना चालक उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकतो आणि इंजिनाच्या जोरावर गाडी आवरून धरतो. नवख्याचा पाय मात्र ब्रेकवरच राहतो; ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागेनासा होतो. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडण्याची खोड तर याहून वाईट. समोरून दुचाकीवर येणाऱ्या कुटुंबाने माझी सही पाहिलेली नसते, तरी तिची किंमत त्यांना मोजावी लागते. उपकारक असत्य अपकारक केव्हा होते, ते अशा उतारावर कळते.

इथवर माझी बाजू भक्कम होती. पण मग त्या मुलाने करावे तरी काय?

कायद्याने त्याच्याकडून जे मागितले ते सर्व त्याने दिले होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहतुकीचे वाहन चालविण्यास वयाची वीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि त्याचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष बाळगलेला असावा लागतो. २०२१ साली मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी जो अभ्यासक्रम ठरला, त्यात अवजड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तास सांगितले आहेत. या साऱ्यात ‘दोन वर्षांचा अनुभव’ ही अट कोठेही नाही. ती अट बाजाराची आहे. आणि ती घालणारा प्रत्येकजण मनात एकच धरून असतो, की नवख्याच्या चुका दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीवर होऊन जाव्यात. सर्वांनीच असे म्हटले, तर तो ‘दुसरा कोणी’ आणायचा कोठून? मग अनुभव जेथे मिळत नाही तेथे अनुभवाचे कागद मिळू लागतात.

घरे बांधूनच माणूस गवंडी होतो आणि वाद्य वाजवूनच वादक होतो, हा अ‍ॅरिस्टॉटलचा विचार प्रसिद्ध आहे. त्याच्या पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. वाद्य वाजवूनच माणूस वाईट वादकही होतो, आणि म्हणूनच शिक्षकाची गरज असते, असे तो म्हणतो. आपल्याकडच्या ट्रकवर हा शिक्षक होता. त्याला उस्ताद म्हणत. शेजारी बसणारा क्लीनर काच पुसे, चाकांखाली दगड लावी, रात्री उस्तादाच्या शिव्या खाई आणि मोकळ्या रस्त्यावर अधूनमधून स्टिअरिंग हाती घेई. त्या पद्धतीचे गोडवे मला गायचे नाहीत. तिच्यात मारझोड होती, बालमजुरी होती, व्यसनांची दीक्षा होती. तरीही शेजारच्या त्या बैठकीत नवख्याला जागा होती. खर्च वाचविण्यासाठी अनेक मालकांनी क्लीनर काढून टाकला. राष्ट्रीय परवान्याच्या मालवाहू गाडीवर दोन चालक असावेत ही सक्तीही केंद्राने २०१८ साली उठवली. बैठक अजून आहे. तिच्यावर आता बहुधा चालकाची पिशवी असते.

ओळखीच्या एका गाडीमालकाला मी म्हटले, “सहा महिने याला शेजारी बसवा.” तो सज्जन माणूस आहे. त्याने शांतपणे हिशेब मांडला: कर्जाचा हप्ता, विमा, टायर, टोल, आणि दुसऱ्या माणसाचा पगार व भत्ता. “आणि फादर, सहा महिन्यांनी शिकून तयार झाला की पाचशे रुपये जास्त देणाऱ्याकडे जाईल. म्हणजे शिकवायचं मी आणि चालवायचं त्यानं.” मला उत्तर सुचले नाही. त्याचे म्हणणे स्वार्थाचे होते, पण खोटे नव्हते.

घरी परतताना माझे मलाच हसू आले. दीक्षाविधीनंतर माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा किती वर्षांचा अनुभव आहे असे मला कोणीही विचारले नव्हते. सव्वीस वर्षांच्या पोराच्या हाती लोकांचे विवाह, मृत्यू आणि पापनिवेदने सोपविण्यात आली. मात्र एका वृद्ध प्रमुख धर्मगुरूंचा सहाय्यक म्हणून. माझ्या चुका त्यांनी निस्तरल्या. पहिल्या वर्षी त्या पुष्कळ होत्या. माझ्या शेजारची ती बैठक कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेवली होती. त्या मुलाला नकार देताना याची मला आठवणही झाली नव्हती.

त्याने कागद दुसरीकडून मिळवला. कोणाकडून, ते मी विचारले नाही. नोकरी लागली. अपघात झाला नाही, हे मुद्दाम सांगतो. कारण अशा लेखात आता अपघात होणार, अशी वाचकाची अपेक्षा असते. पहिल्याच घाटात हात थरथरत होते, म्हणून आपण चार तास गाडी कडेला लावून बसलो, एवढे मात्र त्याने सांगितले.

गेल्या महिन्यात तो पुन्हा आला. हे त्याने पापनिवेदनात नव्हे, चर्चच्या ओट्यावर बसून सांगितले, आणि येथे लिहिण्यास परवानगीही दिली आहे. “फादर, आता माझी खरीखुरी दोन वर्षं झाली. पण शेठच्या फायलीत तो पहिला कागद अजून तसाच आहे. शेठ माझ्या नावावर दुसऱ्या पोरांना भरवसा देतात, तेव्हा बरं वाटत नाही. सांगू का?”

सांगितले तर नोकरी जाऊ शकते, आणि तशी गेली तर खऱ्या दोन वर्षांचा दाखलाही मिळणार नाही. हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. मी ‘सांग’ म्हटले. पण दोन वर्षांपूर्वी एवढ्यावरच थांबलो होतो, म्हणून या वेळी ‘मीही बरोबर येतो’ असे म्हटले. शेठ सोमवारी कचेरीत असतात. हा अंक वाचकांच्या हाती पडेपर्यंत आम्ही दोघे तेथे जाऊन आलेलो असू.