धर्म सांगावा कसा?



चौसाळ्यात उद्या एखादा ख्रिस्ती प्रचारक तुमच्या दारी आला, तर त्याला बसायला द्या, पाणी द्या. आपला धर्म सांगण्याचा हक्क त्याला राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने दिला आहे. प्रश्न हक्काचा नाही, रीतीचा आहे. त्याने तो सांगावा कसा?

पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. 1889 साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढे ते पुण्यास नेले. तेथे कोणावर धर्माची सक्ती नव्हती. पण रमाबाई प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि मुली येऊन बसत. 1893 साली पुण्यात गहजब झाला. रानडे-भांडारकर सल्लागारपदावरून दूर झाले. विधवांचे केशवपन करणाऱ्या समाजाने रमाबाईंना नावे ठेवावीत, हा दांभिकपणाच! तरीही एक प्रश्न उरतो. जिला दुसरे छप्परच नाही, तिला त्या उघड्या दाराकडे पाठ फिरविण्याची मोकळीक कितीशी असणार?

आता दुसरे उदाहरण पाहा. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाईंना ते मान्य नव्हते. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे नगरला पतीजवळ आल्या, तरी आपले सोवळे पाळीत राहिल्या. जातिभेद खोटा, हे त्यांच्याच मनाला पटले, त्यानंतर त्या ख्रिस्ती झाल्या. त्या घरात ‘नाही’ म्हणायला जागा होती.

निगंठांचा उपासक उपाली तथागतांशी वाद करावयास गेला आणि तेथेच उपासक होऊ लागला. तथागत म्हणाले, नीट विचार कर. आणि निगंठांना तुझ्या घरी मिळणारी भिक्षा बंद करू नकोस. बाबासाहेबांनी 1935 साली येवल्यास धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा अनेक धर्मांची निमंत्रणे आली. त्यांनी 21 वर्षे विचार केला.

म्हणून ख्रिस्ती बांधवांना एवढेच सांगावे: भाकरी द्या, औषध द्या, शाळा द्या, पण ऐकणाऱ्याने ‘नाही’ म्हटले तरी त्याची भाकरी तशीच राहिली पाहिजे.

आणि हीच कसोटी आपल्या घरालाही लावा. म्हातारी आई अजून देव्हाऱ्यापुढे दिवा लावीत असेल, तर तिचे देव रात्रीतून विहिरीत टाकू नका. ती तुमच्याच ताटात जेवते. ती ‘नाही’ कशी म्हणेल? तिच्याजवळ बसा, बोला, वाट पाहा.