सिनेमा पाहताना आपण कोणाच्या बाजूचे?



रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात पालक भेटतात. मी धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो हे त्यांना ठाऊक असल्यामुळे हमखास एक प्रश्न येतो, ''सर, तो नवीन पिक्चर आलाय, मुलांना दाखवला तर चालेल का?'' पूर्वी सिनेमा पाहायचा म्हणजे तिकीट काढून थिएटरात जावे लागे आणि कोणता पाहायचा ते घरातली मोठी माणसे ठरवीत. आता थिएटरात लागलेला सिनेमा थोड्याच आठवड्यांत घरच्या टीव्हीवर आणि मुलांच्या हातातल्या मोबाइलवर येतो. एका रात्री रहस्यपट, तर दुसऱ्या रात्री जादूच्या दुनियेची गोष्ट. त्यामुळे पालकांची काळजी रास्त आहे.

ख्रिस्तसभेनेही ही काळजी फार पूर्वीपासून केली आहे. पोप अकरावे पायस यांनी 1936 साली चित्रपटांविषयी एक स्वतंत्र परिपत्रक काढले. वाईट चित्रपटांपासून दूर राहण्याचे वचन श्रद्धावंतांकडून दरवर्षी घ्यावे, असे त्यांनी बिशपांना सुचविले होते. पुढे 1995 साली, सिनेमाला शंभर वर्षे झाली तेव्हा, व्हॅटिकनने 45 चांगल्या चित्रपटांची यादीच दिली. आणि 15 नोव्हेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी सिनेमाच्या जगातील मंडळींना व्हॅटिकनमध्ये बोलावून घेतले आणि जगाच्या जखमांना सामोरे जायला भिऊ नका, असे त्यांना सांगितले. म्हणजे सिनेमा मुळातच वाईट, असे ख्रिस्तसभा मानीत नाही. काय पाहावे याचा विवेक ठेवा, एवढेच ती सांगते.

पण 'काय दाखवले आहे' या प्रश्नाच्या नादात आणखी एक प्रश्न राहून जातो. सिनेमा पाहत असताना आपल्या मनाला काय हवे असते? मारामारी नाही, शिव्या नाहीत, नको ती दृश्ये नाहीत, असा स्वच्छ सिनेमाही आपल्याकडून मनातल्या मनात काहीतरी मागून घेतो. ते काय मागतो, याकडे आपण लक्ष देत नाही.

याचे उदाहरण म्हणून 'दृश्यम' घेऊ. आपल्यापैकी बहुतेकांनी निशिकांत कामत यांनी 2015 साली काढलेला, गोव्यात घडणारा हिंदी 'दृश्यम' पाहिला असेल. मूळ चित्रपट मात्र जीतू जोसेफ यांचा, 2013 सालचा मल्याळी. त्यातला नायक जॉर्जकुट्टी हा केरळमधला ख्रिस्ती गृहस्थ आहे. शिक्षण बेताचे, धंदा केबलचा, सिनेमाचे वेड भारी, बायको आणि दोन मुली असा संसार. एक मुलगा थोरल्या मुलीचे मोबाइलवर चोरून चित्रण करतो आणि त्या जोरावर तिला आणि तिच्या आईला छळतो. त्या झटापटीत तो मुलगा मरतो. तो असतो एका मोठ्या पोलीस अधिकारी बाईंचा एकुलता एक मुलगा. जॉर्जकुट्टी ते प्रेत लपवतो. मग कुटुंबाला घेऊन परगावी जातो आणि घटनेच्या दिवशीही आपण तिथेच होतो असे लोकांच्या मनात हळूहळू भरवतो. कशासाठी गेलो होतो म्हणून सांगतो? रिट्रीटसाठी! हिंदीत त्याचा सत्संग झाला, पण मूळ कथेत ती ख्रिस्ती रिट्रीटच आहे. प्रभूचे वचन ऐकायला गेलेले कुटुंब खोटे कशाला बोलेल, असेच कोणालाही वाटणार.

आता आपण काय करतो? आपण जॉर्जकुट्टीच्या बाजूचे होतो. यात लगेच पाप शोधू नये. मुलीची अब्रू लुटू पाहणाऱ्याचा राग येणे आणि लहानग्या मुलीला पोलीस मारतात तेव्हा जीव तळमळणे यात न्यायाची चाड आहे. प्रश्न पुढे येतो. सुरुवातीला आपल्याला त्या कुटुंबाची दया येते. मग त्याचे खोटे पचावे असे वाटू लागते. मग त्या खोट्याची हुशारी आवडू लागते. आणि शेवटी, आपला मुलगा जिवंत आहे की मेला हेही ज्या आईला कळत नाही, ती आई आपल्याला विसरायला होते. दयेपासून निघालेले मन एका आईला विसरण्यापर्यंत अडीच तासांत पोहोचते, आणि हे आपल्या ध्यानातही येत नाही.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. माझ्या मुलाला विचारूनच ती लिहीत आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी मुलगा दहावीला होता. एका संध्याकाळी न विचारता माझी स्कूटर घेऊन गेला. लायसन्स अर्थातच नव्हते. वळणावर डोक्यावर टोपली घेऊन निघालेल्या एका भाजीवाल्या बाईंना त्याने धक्का दिला. बाई पडल्या. हा घाबरून पळून घरी आला आणि रडत सगळे सांगितले. बोर्डाची परीक्षा महिन्यावर आली होती. मी शाळेत मास्तर. मी स्कूटर मागच्या पडवीत नेऊन वर ताडपत्री घातली. दोन दिवसांनी शेजाऱ्याने सहज विचारले तेव्हा म्हणालो, ''आठवडाभर बंदच पडलीय हो.'' बाईंचे मनगट मोडल्याचे नंतर कानावर आले. बाजारातली त्यांची जागा दीड महिना रिकामी होती. मी त्या बाजूने जाणे टाळू लागलो. नाताळपूर्वी पापनिवेदनाला गेलो तेव्हा 'मी खोटे बोललो' एवढेच सांगितले. कशाबद्दल आणि कोणाचे त्यात नुकसान झाले, हे सांगितले नाही. घरात तो विषय पुन्हा कोणी काढला नाही.

गेल्या नाताळच्या सुट्टीत सगळे जण 'दृश्यम' पाहत बसलो होतो. पोलीस एकेकाला वेगवेगळे घेऊन उलटसुलट विचारत होते, आणि आमच्याकडे 'आता पकडतात की काय' म्हणून सगळे श्वास रोखून. उत्तर बरोबर आले की टाळ्या. माझी अकरा वर्षांची नात मध्येच म्हणाली, ''आजोबा, ते खोटं बोलतायत ना? मग आपण टाळ्या का वाजवतोय?'' मी म्हटले, ''अगं, ते घरच्यांना वाचवतायत.'' हे म्हणताना मुलाकडे नजर गेली. तो उठून बाहेर ओट्यावर गेला होता.

शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, नाथान संदेष्टा दावीद राजाकडे येतो. दावीदने उरियाची बायको घेतली होती आणि ते झाकण्यासाठी उरियाला लढाईत मारवले होते. सगळे नीट झाकले गेले होते. नाथान त्याला दोष देत नाही, एक गोष्ट सांगतो. एका श्रीमंताने आपली पुष्कळ मेंढरे सोडून गरिबाची एकुलती एक लाडकी मेंढी पाहुण्यासाठी कापली. ऐकता ऐकता दावीदचा संताप होतो, त्या श्रीमंताला तो मरणाची शिक्षा बोलतो. आणि मग नाथान सांगतो की तो माणूस दुसरा कोणी नसून राजा, तूच आहेस.

दावीद गोष्ट ऐकत होता तेव्हा आपल्यासारखाच प्रेक्षक होता. फरक एवढाच की त्याच्याजवळ नाथान उभा होता. आपला सिनेमा संपतो, नावे वर सरकू लागतात आणि आपण जेवायला उठतो. आमच्याकडे त्या रात्री नाथानचे काम एका अकरा वर्षांच्या मुलीने केले आणि मी तिला उत्तर देऊन गप्प बसवले.

दोन दिवसांनी नातवंडांसाठी 2005 सालचा 'नार्निया' लावला. सी. एस. लुईस यांच्या 1950 सालच्या पुस्तकावरचा हा चित्रपट, मुलांच्या करमणुकीचा, बोलणारे प्राणी, बर्फ, चेटकीण. त्यात एडमंड नावाचा मुलगा मिठाईच्या आणि राजा होण्याच्या लोभाने आपल्याच भावंडांना चेटकिणीकडे धरून द्यायला निघतो. पुढे त्याची सुटका होते, पण त्याने विश्वासघात केला ही गोष्ट कोणी झाकत नाही. चेटकीण सगळ्यांसमोर येऊन त्याच्या जिवावर हक्क सांगते. 'त्याने तसे काही केलेच नाही' असे अस्लान सिंह म्हणत नाही. तो एडमंडच्या जागी स्वतः मरायला जातो. ख्रिस्ती घरातल्या मुलाला ही कोणाची गोष्ट आहे ते सांगावे लागत नाही.

दोन्ही गोष्टींत अपराध करणाऱ्यावर प्रेम करणारे कोणीतरी आहे. जॉर्जकुट्टीचे प्रेम अपराध पुरून टाकते, अस्लानचे प्रेम तो उघडा करून त्याची किंमत स्वतः भरते. बाप म्हणून मी पहिले प्रेम केले. तेच मोठे प्रेम, असे मला इतकी वर्षे वाटत होते. पण पुरलेल्या गोष्टीचा भार कोणावर पडतो? 2021 साली आलेल्या मल्याळी 'दृश्यम 2' मध्ये तेच दाखवले आहे. सहा वर्षे लोटली आहेत, पकडले कोणी गेलेले नाही, पण थोरली मुलगी भीतीने आजारी आहे, तिला फिट येतात. पोलिसांची गाडी दिसली तरी तिच्या जिवाचे पाणी होते. बापाने तिला तुरुंगापासून वाचवले, भीतीपासून वाचवता आले नाही. याच कथेवर 2019 साली चिनी भाषेत चित्रपट निघाला. त्याचे इंग्रजी नाव 'मेंढपाळ नसलेली मेंढरे' अशा अर्थाचे, म्हणजे शुभवर्तमानातलेच शब्द. त्यात शेवटी बाप स्वतःहून गुन्हा कबूल करतो. गोष्ट तीच, पण ती आपल्याला कुठे नेऊन सोडते ते वेगळे.

'नार्निया' संपल्यावर मुलगा मला म्हणाला, ''पप्पा, त्या बाईंची मुलगी आता बाजारात बसते. मी तिच्याकडून कधी भाजी घेतली नाही.'' त्याला मी त्या संध्याकाळी वाचवले असे समजत होतो. पंचवीस वर्षे तो बाजारातली एक जागा टाळत होता, माझ्यासारखाच.

प्रायश्चित्तकाळात आम्ही दोघे त्या बाईंच्या घरी गेलो. बाई आता थकल्या आहेत. मुलाने सगळे सांगितले, मीही माझे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ''मास्तर, स्कूटर मी ओळखली होती. दीड महिना घरी बसले, तेव्हा पोरीची फी राहिली. तिची शाळा तेव्हाच सुटली.'' आम्ही क्षमा मागितली. नेलेले पैसे त्यांनी घेतले, आणि ते योग्यच होते. त्या रडल्या नाहीत आणि आमची पाठही थोपटली नाही. दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, ''बरं झालं, आलात.''

ती शाळा मी परत देऊ शकत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ आपल्याला सांगतो (क्र. 2487) की सत्याविरुद्ध आणि न्यायाविरुद्ध केलेल्या अपराधाची क्षमा मिळाली तरी भरपाईचे कर्तव्य उरतेच. हे वाक्य मी वर्गात किती वेळा शिकवले असेल! जक्कय आपल्या घरी प्रभूला घेतो आणि चौपट परत देईन म्हणतो, तोही धडा माझ्या आवडीचा. पण जक्कयने फसवलेल्यांपैकी कोणी दारापर्यंत येऊन काय म्हणाले असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता.

म्हणून 'पिक्चर दाखवला तर चालेल का?' या प्रश्नाला आता मी असे उत्तर देतो. वय पाहून निवडा, दृश्ये पाहून निवडा, हे तर आहेच. पण शक्यतो मुलांबरोबर बसून पाहा, आणि संपल्यावर पाच मिनिटे टीव्ही बंद करून बसा. तीन गोष्टी एकमेकांना विचारा. आपल्याला कोण सुटावे असे वाटत होते? त्याच्या सुटण्याने कोणाचे नुकसान झाले आणि त्या माणसाला आपण किती वेळ विसरलो? आणि तिसरी, ही गोष्ट आपल्यापैकी कोणाची आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने द्यायलाच हवे असे नाही. पण तो प्रश्न मुलाने विचारला तर त्याला गप्प बसवू नका. मी बसवले होते.

रहस्यपट पाहू नका असे मी म्हणणार नाही. आमच्या घरी तो लागला नसता तर मुलगा ओट्यावर गेला नसता आणि आम्ही त्या बाईंच्या दारातही गेलो नसतो. दावीदला शुद्धीवर आणायला देवाने एक गोष्टच पाठवली होती. आजही तो गोष्टी पाठवतो, आणि त्या कोणत्या पडद्यावरून येतील ते आपण ठरवू शकत नाही.

हे प्रभो, आम्ही जे झाकून ठेवले आहे ते तुला दिसतेच. ते उघडे करण्याचे आणि ज्याचे देणे आहे त्याच्या दारी जाण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.