बिनानावाची प्रेस आणि तुझी घाई

आधी त्या हँडलवरचा हात काढ. मी सांगेपर्यंत ती काडतुसं भरायची प्रेस चालवायची नाही. आणि ज्या पन्नास काडतुसांचा फोटो तू मला एवढ्या कौतुकाने पाठवलास, त्यातलं एकही रिव्हॉल्व्हरमध्ये जाता कामा नये. आता बस आणि ऐक. मध्ये बोलू नकोस.

तू विचारलंस, "सर, हिच्यावर कंपनीचं नाव नाही, पण हिरवी आहे, म्हणजे आरसीबीएसच ना?" रंग हा पुरावा कधीपासून झाला? आरसीबीएस हिरवा लावते, तसा रेडिंगही लावते. लायमन नारिंगी, हॉर्नडी तांबडी, डिलन निळी, हे दुकानातल्या नव्या मालापुरतं ठीक आहे. चाळीस-पन्नास वर्षं कुणाच्या गॅरेजमध्ये पडलेलं यंत्र तीन वेळा गंजतं आणि तीन वेळा रंगवलं जातं, आणि रंगवणारा हाताला येईल तो डबा उघडतो. शिवाय अमेरिकेत ही यंत्रं काय दोन-चारच कंपन्यांनी केली? मिनेसोटातल्या वसीकाच्या हर्टर्सने केली, पॅसिफिकने केली, सी-एचने केली, टेक्सनने केली. यातल्या कित्येकांचं दुकान केव्हाच उठलं. पॅसिफिक तर १९७१ मध्ये हॉर्नडीने विकत घेतली. तेव्हा नाव शोधायचंच असेल तर सावकाश शोध, ओतकामावर आतल्या बाजूला काही उठाव आहे का बघ, जुन्या कॅटलॉगमधल्या चित्रांशी पडताळ. पण नाव कळलं नाही म्हणून काही बिघडत नाही. यंत्र मोजता येतं. तू मोजलं नाहीस, माझा राग त्याचा आहे.

काय मोजायचं ते वर्गात सांगितलं होतं, पुन्हा सांगतो. डाय, म्हणजे ज्या साच्यात काडतूस शिरतं तो, ज्या भोकात बसते तिथले आटे पहिल्यांदा. आजची सर्वमान्य डाय ७/८ इंचाची, इंचाला १४ आटे. पिच गेजचं पातं आट्यांवर ठेव आणि उजेडाकडे धर. पातं आणि आटा यांच्यात उजेडाची रेघ दिसली तर तो पिच तुझा नाही. दिसली नाही तर चांगल्या अवस्थेतली, माहितीची डाय हाताने फिरव. ती बोटांच्या जोराने शेवटपर्यंत गेली पाहिजे. पाना लावून आत घातलीस तर ती बसली असं होत नाही, तू आटे खाल्लेस असं होतं. भोक फारच मोठं वाटलं तर घाबरू नकोस, काही मोठ्या प्रेसना सव्वा इंचाचं, १२ आट्यांचं बुशिंग असतं आणि मागच्या मालकाने ते काढून हरवलेलं असू शकतं. उलट भोक लहान निघालं तर जुन्या लायमन ३१० हत्याराच्या डाय बारीक आट्यांच्या असतात, ते डोक्यात ठेव.

मग काडतुसाचा बूड धरणारा शेल होल्डर. हँडलने वर-खाली होणारा दांडा तो रॅम, त्याच्या डोक्यावरची खाच आणि तिथली स्प्रिंगची क्लिप बघ. हल्लीचे शेल होल्डर बहुतेक एकमेकांच्या प्रेसमध्ये बसतात, पण हर्टर्सच्या जुन्या यंत्रांना हर्टर्सचेच लागत. आकड्यांवर तर मुळीच विसंबू नकोस. तू भरतोस त्या .३८ स्पेशल काडतुसाच्याच शेल होल्डरला आरसीबीएस ६ क्रमांक देते आणि ली १ देते. तू फोटोत जो लावला आहेस त्यात केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, एका बाजूला कललेली मला इथून दिसते. त्याने केसची कड फाटते, आणि वाकड्या केसमध्ये गोळी सरळ बसत नाही.

मग रॅम. वर नेऊन हाताने हलवून बघ, किती खेळतो. थोडा खेळ चालतो, कारण केस डायमध्ये शिरताना स्वतःला मधोमध आणते. पण पिनांची भोकं लांबट झाली असतील, तर हँडलचा शेवटचा टप्पा कुठे संपतो ते रोज वेगळं येईल आणि गोळी किती खोल बसली ते तुझ्या हातात राहणार नाही. चुंबक लाव. चिकटला तर सांगाडा बीड किंवा पोलाद, नाही चिकटला तर ॲल्युमिनियमसारखा हलका धातू. मग रॉकेलने पुसून कोपऱ्यांत भेग शोध, आणि पितळेने झाळलेली पिवळी रेघ दिसते का ते बघ. झाळलेलं ओतकाम मी वापरणार नाही आणि तूही वापरायचं नाही. तुझी ही समोरून उघडी, सी आकाराची आहे. रिव्हॉल्व्हरच्या केसला ती पुरेल. पण .३०-०६ सारखी रायफलची केस पूर्ण लांबीने आवळायला गेलास तर हा सांगाडा जोराखाली उघडतो, ओ आकाराचा तितका उघडत नाही. पुढच्या महिन्याचा जो बेत तू मला सांगितलास तो हाच होता. आत्ता रद्द कर.

एवढं सगळं केलं असतंस तर मी तुला शाबासकी दिली असती. ओहायोतल्या एका गॅरेज सेलमध्ये घेतलेलं जुनं यंत्र माणसाने घासून-पुसून कामाला लावावं, मला आवडतंच. माझं खरं भांडण प्रेसशी नाही. त्या प्रेसबरोबर जी पेटी आली, तिच्याशी आहे.

त्या पेटीत कॉफीच्या डब्यात पावडर होती. डब्यावर हाताने लिहिलेली दोन अक्षरं होती. आणि तू ती वापरलीस.

बिनानावाची प्रेस व्हर्नियरने मोजता येते, बिनानावाची पावडर कशानेही मोजता येत नाही. धूरविरहित पावडर जलद जळणारी असो की मंद, डोळ्यांना सारखीच दिसते. काळपट पापुद्रे, बारीक गोळे किंवा छोट्या कांड्या. आकारावरून वेग कळत नाही, वासावरून कळत नाही, चिमूटभर पेटवून तर नाहीच नाही. जी मात्रा एका पावडरीत सौम्य, तीच दुसरीत नळी फोडणारी. त्यात ती किती जुनी, कशात मिसळलेली, कुठे तापलेली, काहीच ठाऊक नाही. मूळ डबा, मूळ लेबल आणि पावडर कंपनीचं छापील मात्रा-पुस्तक, हे तिन्ही हातात नसेल तर ती पावडर नाही, कचरा आहे. स्थानिक अग्निशमन दलाला फोन कर, ती कुठे द्यायची ते विचार आणि तिथे नेऊन दे. गटारात ओतायची नाही, घरच्या कचऱ्यात टाकायची नाही.

आणि मोजलीस कशाने? स्वयंपाकघरातल्या काट्याने. अरे, पुस्तकातल्या मात्रा ग्रेनमध्ये असतात. ७००० ग्रेनचा एक पौंड. एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ साडेपंधरा ग्रेन. तुझा काटा एक-एक ग्रॅमने उडी मारतो, म्हणजे त्याची सर्वांत लहान उडीच .३८ स्पेशलच्या सौम्य मात्रेच्या कितीतरी पट आहे. त्याने पोहे मोज. ग्रेनचा दहावा भाग दाखवणारा रीलोडिंगचा काटा घे, आणि माहितीच्या वजनांनी दर वेळी तपासून घे.

.३८ स्पेशल धोक्याचं का, हे तू विसरलास. हे काडतूस १८९८ सालचं, काळ्या पावडरीच्या जमान्यातलं. केस त्या काळाच्या हिशेबाने ऐसपैस. आजची जलद पावडर तिच्या तळाशी थोडीशी पडते आणि वर रिकामी जागा उरते. म्हणून मात्रा चुकून दुप्पट पडली तरी केस वाहत नाही, काही खुणावत नाही, गोळी निमूट बसते. साम्मी या अमेरिकी दारूगोळा उत्पादकांच्या संस्थेने या काडतुसाला कमाल सरासरी दाब १७,००० पौंड प्रति चौरस इंच ठरवला आहे. .३५७ मॅग्नमला ३५,००० आहे. तुझं रिव्हॉल्व्हर कशासाठी बनलं आहे ते तुला माहीत आहे, दुप्पट मात्रेसाठी ते बनलेलं नाही. उलट चूक झाली, पावडर पडलीच नाही, तरी केसच्या बुडातला, पावडर पेटवणारा प्रायमर एकटा गोळीला नळीत ढकलतो आणि ती तिथेच अडकते. आवाज दबका येतो. तेव्हा हात थांबला नाही तर पुढची गोळी त्या अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळते.

याला उपाय एकच आणि तो फुकट आहे. सगळ्या केस लाकडी ठोकळ्यात उभ्या कर, सगळ्यांत पावडर घाल, मग एकही गोळी बसवण्याआधी विजेरी वरून धर आणि ओळीने प्रत्येक तोंडात बघ. पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एक खोल किंवा एक वर दिसली तर ती केस रिकामी करून पुन्हा मोज. तुझ्या फोटोत ठोकळा नाही. तू केस हातात धरून, पावडर घालून, लगेच गोळी बसवत होतास, आणि शेजारी फोन वाजत होता. फोन दुसऱ्या खोलीत. टीव्ही बंद. टेबलावर एका वेळी पावडरीचा एकच डबा, काम संपलं की मापातली पावडर परत त्याच डब्यात.

आणि त्या फोटोत प्रायमरच्या ताटलीशेजारी चिवड्याची वाटी आहे. मला ती दिसल्यावर तुझी मुलगी आठवली. प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, जुन्या केस साफ करायला यंत्रात खळखळवताना त्याची धूळ उडते, आणि लहान मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही. ज्या टेबलावर हे काम चालतं तिथे खाणं-पिणं नाही. काम संपल्यावर हात थंड पाण्याने आणि साबणाने, मग कपडे बदलायचे, मग तिला उचलायचं. प्रायमर बसवताना चष्मा डोळ्यांवर, डोक्यावर नाही. प्रायमर आपल्या मूळ खोक्यातच ठेवायचे, बरणीत ओतायचे नाहीत. एक फुटला तर बरणीतले बाकीचेही फुटतात.

एक गोष्ट कायद्याची. स्वतःपुरतं काडतूस भरायला अमेरिकेत केंद्राचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. पण तुझा मेव्हणा, जो तुझ्याकडे राहतो आणि परवा केस निवडून देत बसला होता, तो एच-वन-बीवर आहे. काही ठरावीक अपवाद सोडले, त्यात शिकारीचा वैध परवाना आला, तर तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि दारूगोळा बाळगायला केंद्राचा कायदा मनाई करतो. आणि दारूगोळा म्हणजे नुसतं पूर्ण काडतूस नाही, कायद्याच्या व्याख्येत केस, प्रायमर, गोळी, पावडर सगळं येतं. त्याला त्या टेबलापासून दूर ठेव आणि त्याला वकिलाचा सल्ला घ्यायला सांग. आणि दिवाळीला पुण्याला जाताना आठवण म्हणून बॅगेत एकही काडतूस, एकही केस नेऊ नकोस. १९५९ चा शस्त्र कायदा तुझी आठवण ऐकून घेणार नाही.

पेटीत जी भरलेली काडतुसं आली तीही अनोळखी माणसाच्या हातची आहेत. ती उडवायची नाहीत. तुझी पन्नासही त्यांच्याचबरोबर बाजूला ठेव. गोळी ओढायचा हातोडीसारखा पुलर माझ्याकडे आहे. शनिवारी सकाळी नऊला ये. सगळी काडतुसं वेगळ्या डब्यात, झाकण लावून आण. प्रेस पुसून, डाय आणि शेल होल्डरसह आण. पिच गेज आणि व्हर्नियर तुझंच आण, माझं मिळणार नाही. कॉफीचा डबा माझ्या घरी आणायचा नाही. त्यासाठी आजच फोन कर आणि काय सांगितलं ते मला संध्याकाळी कळव.