न घेतलेले ऋण

शास्त्रपाठ : यिर्मया ३२:६-१५, रोमकरांस पत्र १३:७-८



सोयाबीन विकले गेले, किंवा हळदीचे चार पैसे हाती आले, की आपल्या औंढा नागनाथच्या आसपासच्या खेड्यांतून वसुलीवाल्यांच्या फेऱ्या सुरू होतात. त्यांतील पुष्कळांचे मागणे रास्त असते. ज्याने घेतले त्याने द्यावे, ह्यात वाद नाही. परंतु ज्याने घेतलेच नाही त्याच्या दारी मागणारा उभा राहिला, तर ख्रिस्ती माणसाने काय करावे? ह्या प्रश्नाचे उत्तर देताना मी स्वतः एकदा चुकलो होतो, म्हणून आज तोच विषय घेत आहे.

आपल्या मंडळीतील एका मजुरी करणाऱ्या बंधूकडे एक मनुष्य आला. फोनवर काही आकडे दाखवून त्याने सांगितले, की तुझ्या नावावर कर्ज थकले आहे; आज पाच हजार दे, ह्या कागदावर अंगठा कर, बाकीचे पुढे पाहू. बंधूने कधी कर्ज काढले नव्हते. तरी शेजारी गोळा झाले, आवाज चढला, आणि तो लाजेने खाली पाहू लागला. संध्याकाळी तो व त्याची पत्नी माझ्याकडे आली. तो म्हणाला, “पाळकसाहेब, अब्रू जाते आहे. देऊन टाकतो. आपल्या लोकांनी भांडू नये.” मीही त्यास अंगरखा मागणाऱ्याला झगाही देण्याविषयीचे प्रभूचे वचन सांगून तसे करावयास सांगणार होतो. इतक्यात ती बाई म्हणाली, “पैसे गेले तर पुन्हा मजुरी करू. पण जे घेतलेच नाही ते घेतले, असे कागदावर कसे लिहून द्यायचे? उद्या लेकरे विचारतील, तर खरे कोणते सांगायचे?”

मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री मी शास्त्र पुन्हा उघडले.

प्रेषित पौल रोमच्या मंडळीस शिकवतो, की ज्याचे जे देणे असेल ते त्यास द्यावे आणि कोणाच्या ऋणात राहू नये. ह्या आज्ञेतच मापही आहे. जे देणे आहे ते पुरते द्यावे. जे देणे नाही त्यास देणे म्हणू नये. डोंगरावरील प्रवचनात प्रभू आपणांस हक्क सोडावयास शिकवतो. खोटे बोलावयास तो कोठेच शिकवत नाही. अंगरखा देणे निराळे, आणि “हा अंगरखा मी चोरला होता” असे कबूल करणे निराळे. पौलाने फिलेमोनास लिहिले, की अनेसिमाचे काही देणे असल्यास ते माझ्या खाती मांड, मी फेडीन. ही प्रीती होय. त्याने दुसऱ्याचे देणे उघडपणे अंगावर घेतले. ते आपण घेतले होते असे म्हटले नाही. तोच पौल फिलिप्पै येथे चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात घातला गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्यास गुपचूप सोडू लागले, तेव्हा निमूटपणे निघून गेला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे, असे त्याने म्हटले. नम्रता म्हणजे असत्यावर अंगठा उठवणे नव्हे.

आता यिर्मयाकडे पाहा. यरुशलेमेस वेढा पडलेला, संदेष्टा स्वतः कैदेत. अशा वेळी त्याने चुलतभावाचे शेत विकत घेतले. सतरा शेकेल रुपे तराजूत तोलून दिले, खतावर सही केली, साक्षीदार घेतले, आणि मोहोरबंद व उघडी अशी दोन्ही खते मातीच्या मडक्यात जपून ठेवावयास सांगितले. ज्यास देवाची वाणी ऐकू येत होती त्याने कागद जपला. मग आपण विश्वासाच्या नावाखाली निष्काळजी का राहावे?

कागद न समजल्याचे दुःख ह्या देशाने फार सोसले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे व वह्या हिसकावून जाळल्या. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. रोख्यावरील आकडा तसाच न धरता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला, आणि ऋणकोस पावती व हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे तो कायदा येथे पोहोचला नाही. पण बोध आपल्यासाठीही आहे. आगीत खरा रोखा आणि खोटा रोखा सारखाच जळतो. तपासणीत मात्र दोन्ही निराळे होतात.

म्हणून मागणारा आल्यास शिवी देऊ नका, हात उगारू नका आणि घाबरूही नका. धनको कोण, रक्कम किती, कोणत्या तारखेस दिली, सही कोणाची, हे लेखी मागा. तो बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा मनुष्य असल्यास त्याचे ओळखपत्र व अधिकारपत्र पाहा. “तूर्त थोडे द्या” ह्या बोलण्यास भुलू नका. थोडे देणे व सही करणे पुढे कबुलीचा पुरावा म्हणून दाखवले जाते. कर्ज आपले नाही असे त्या संस्थेस पोच मिळेल अशा टपालाने कळवा आणि नक्कल व पोच मडक्यात नाही तरी पेटीत ठेवा. तिने दाद न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. मागणारा सावकार असल्यास २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे त्याच्यापाशी परवाना पाहिजे. त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे चालते. धमकी दिल्यास पोलिसांत जावे. आणि न्यायालयाचे समन्स आले तर ते कधीही बाजूस टाकू नका. आपण गैरहजर राहिलो, तर खोटा दावाही एकतर्फी खरा ठरू शकतो. वकिलास द्यावयास पैसे नसतील, तर विधी सेवा समितीकडे मोफत साहाय्य मागावे.

परंतु हे सर्व करण्यापूर्वी एक काम आहे, आणि ते अधिक कठीण आहे. आधी आपली पेटी व आपले मन शोधा. मित्रासाठी जामीन म्हणून सही केली असेल, तर “मी पैसे घेतले नाहीत” एवढे म्हणून सुटका नाही. जामीनदारही देणेदारच आहे, आणि नीतिसूत्रांत ह्याची ताकीद पूर्वीच दिलेली आहे. वडिलांचे कर्ज असेल, तर त्यांच्याकडून वारशाने जे मिळाले तेवढ्यापुरतीच कायद्याने जबाबदारी येते. त्यापलीकडे मागणाऱ्यास तसे स्पष्ट सांगावे. आणि मुदत टळल्यामुळे एखादे खरे कर्ज न्यायालयात वसूल होत नसेल, तर आनंद मानू नका. न्यायाधीश दावा काढून टाकील; पण ज्याने खरोखर घेतले त्याच्या विवेकास मुदतीचा कायदा नाही. जक्कयाने अन्यायाने घेतलेले चौपट परत देऊ केले, ते कोणा न्यायालयाच्या हुकुमाने नव्हे.

त्या बंधूचे पुढे काय झाले, ते सांगतो. आमचे उपदेशक बंधू त्याच्याजवळ बसले, पत्र लिहिले, आणि दोघे मिळून टपाल कचेरीत गेले. काही आठवड्यांनी उत्तर आले : नाव सारखे, पण कर्जदार दुसऱ्या गावचा. कोणी क्षमा मागितली नाही. तरी पुढच्या रविवारी तो मान वर करून उपासनेस आला. उपदेशक बंधूंनो, ज्यास वाचता येते त्याने ज्यास येत नाही त्याच्यापाशी बसावे. हीही सेवाच आहे.

आपणां सर्वांवर एक खरे ऋणपत्र होते, आणि ते आपण फेडू शकत नव्हतो. ते ख्रिस्ताने वधस्तंभाला खिळून रद्द केले. त्याने ते खोटे आहे असे म्हटले नाही. ते खरे मानून त्याची पुरती किंमत दिली. ज्याचे एवढे मोठे ऋण फिटले, त्यास खरे देणे कबूल करण्याची लाज वाटू नये, आणि खोटे देणे नाकारण्याची भीती वाटू नये. आपले होय ते होय असो, नाही ते नाही असो; बाजारात, दारात आणि कागदावरही. आमेन.