ढिगाऱ्यात उरलेले



शब्बाथशाळेत मोजकी मुले उरली, वर्षानुवर्षे भेटी देऊनही एखाद्या घराचे दार उघडले नाही, म्हणजे सेवा सोडून द्यावीशी वाटते. अशा वेळी विल्यम केरी यांचे स्मरण करा. ते 1793 मध्ये बंगालात आले. कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा, म्हणजे पहिले फळ, दिसले ते 1800 च्या डिसेंबरात. मधल्या सात वर्षांत त्यांचा लहानगा पीटर वारला, पत्नीचे मानसिक स्वास्थ्य कायमचे ढासळले.

पुढे 11 मार्च 1812 रोजी सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. केरींचे मराठी व्याकरण 1805 मध्ये येथेच छापले गेले होते. बहुभाषी शब्दकोशासह कित्येक वर्षांच्या श्रमाची हस्तलिखिते भस्म झाली. ते अवशेष पाहताना केरींचे डोळे भरून आले. त्या अश्रूंत अविश्वास होता असे मला वाटत नाही. मात्र ढिगाऱ्यात टाइप घडविण्याचे पोलादी ठसे शाबूत सापडले. त्यांवरून नवे टाइप ओतले गेले आणि केरी पुन्हा भाषांतरास बसले.

केरीच काय, एलीया संदेष्ट्यानेही रतामाच्या झुडपाखाली मरण मागितले (1 राजे 19). देवाने त्याला बोल लावला नाही. आधी झोप, भाकर व पाणी दिले. होरेबची वाट त्यानंतरची.

आपण थकला असाल तर प्रभूला तसे स्पष्ट सांगा, आणि विसावा घ्या. मग आपल्या ढिगाऱ्यात काय शाबूत आहे ते शोधा. कदाचित एखादी वृद्ध भगिनी आजही आपल्या प्रार्थनेची वाट पाहत असेल.