घर विकणाराचें मौन

घर विकावयास काढणारा मनुष्य खोटें बोलतोच असें नाहीं. पुष्कळदां तो कांहींच बोलत नाहीं. गिऱ्हाईक दारांत येतें, ओटा, माजघर, परसू पाहून घेतें, भिंतीवर थाप मारून पाहतें, नळाला पाणी किती दिवसांआड येतें तें विचारतें. विचारलें तेवढ्याचें उत्तर मिळतें आणि जें विचारलें गेलें नाहीं तें विकणाराच्या पोटांतच राहतें. विसार दिला जातो, खरेदीखत नोंदलें जातें, आणि पहिल्या पावसाळ्यांत नव्या धन्याला कळतें कीं आपण काय घेतलें. असें मौन पाळणाराला अप्रामाणिक म्हणावें कीं केवळ व्यवहारचतुर म्हणावें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं; आणि ज्यांना तो सोपा वाटतो त्यांनीं त्या वेळीं आपण दाराच्या कोणत्या बाजूस उभे होतों हें एकदां आठवून पाहावें.

नगर शहराचेंच उदाहरण घेऊं. (२०२४ सालीं शहराचें व जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें, परंतु तोंडीं अजून ‘नगर’ हाच शब्द बसलेला आहे, तो वाचकांनीं चालवून घ्यावा.) पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसलेल्या या शहराच्या जुन्या भागांत, माळीवाड्यांत किंवा कापडबाजारामागच्या गल्ल्यांत, अजून कांहीं जुने वाडे उभे आहेत. त्यांतला एक वाडा तीन भाऊ व एक बहीण यांच्या वांटणीसाठीं विक्रीस निघाला आहे असें समजा. थोरला भाऊ तेवढा वाड्यांत राहतो. बाकीचे पुण्यास, नाशिकास स्थायिक झालेले. वाड्याची नाडी एकट्या थोरल्याला ठाऊक. माजघरावरच्या तुळईंत वाळवी शिरली आहे, पण वरून ती पहिलवानासारखी दिसते. मागल्या खोलीचें माळवद एका कोपऱ्यांत गळतें. शेजाऱ्याशीं सामाईक भिंतीवरून जुनी कुरबुर आहे. घर दाखवावयाचें तें फाल्गुन-चैत्रांत. कारण नगरचा पाऊस मुळांतच बेताचा, आणि वर्षांतले आठ महिने येथील गळकें माळवदही अब्रूनें राहतें.

थोरल्यानें हें सर्व सांगावें काय? ‘सांगावें’ असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण त्याची अडचण लक्षांत घ्या. त्यानें तुळईची गोष्ट सांगितली तर किंमत उतरणार, आणि ती चौघांची उतरणार. त्याचा खरेपणा त्याच्या एकट्याच्या खिशांतून जात नाहीं. धाकट्या भावाच्या मुलीचें शिक्षण, बहिणीचें कर्ज, हीं सर्व त्या तुळईखालीं उभीं आहेत. परक्या गिऱ्हाइकाशीं खरें वागण्यासाठीं सख्ख्या बहिणीला तोटा करण्याचा अधिकार त्याला कोणीं दिला? शिवाय आपल्या वांट्याच्या पैशांत त्याला सावेडीकडे दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यावयाचा आहे, आणि तेथला विकणारा त्याला कांहीं सांगेलच असा भरंवसा नाहीं. बाजारांत सर्वच मुके असतांना आपण एकट्यानें कां बोलावें, असें त्याच्या मनांत आलें तर त्याला दुष्ट म्हणवत नाहीं.

हा वाद नवा नाहीं. इ. स. पूर्वी ४४ या वर्षीं रोमन वक्ता सिसेरो यानें अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठीं कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्यांत नेमका घरविक्रीचाच दाखला घेतला आहे. घर रोगट आहे, निजावयाच्या खोल्यांत साप निघतात, लांकूड कुजकें आहे. आणि हें धन्यावांचून कोणास ठाऊक नाहीं. धन्यानें न सांगतां चढ्या भावानें घर विकलें तर तें अन्यायाचें काय? बाबिलोनचा डायोजिनीझ आणि त्याचा शिष्य अँटिपेटर, दोघेही एकाच पंथाचे तत्त्वज्ञ, पण उत्तरें विरुद्ध. गुरूचें म्हणणें असें कीं न सांगणें निराळें आणि लपविणें निराळें. धन्यानें कोणाला घ्या म्हणून आग्रह केला नव्हता, गिऱ्हाइकाला डोळे होते, आणि ‘रोगट घर विकणें आहे’ अशी दवंडी पिटणारा शहाणा कोठें सांपडणार? शिष्याचें म्हणणें असें कीं वाट चुकलेल्याला वाट न दाखविणेंही निंद्य मानतात; येथें तर जाणूनबुजून माणसाला चुकूं दिलें जातें. सिसेरो स्वतः शिष्याच्या बाजूस झुकतो, आणि आमचेंही मत तिकडेच आहे. मात्र गुरूचा मुद्दा त्यानें उडवून लावला तितका हलका नाहीं. गिऱ्हाइकाचे डोळे हे खरेच आहेत. जिना अरुंद आहे, रस्त्याचा गलबला आहे, खिडकी पश्चिमेस आहे, हें सांगत बसण्याचें विकणारावर काय बंधन? घराची दृश्य उणीव हा घेणाराचा विषय. जें पाहूनही दिसणार नाहीं तें मात्र विकणाराचें ऋण.

याच ग्रंथांत एक खरी फिर्यादही दिलेली आहे. रोममधील सीलियन टेकडीवरच्या एका उंच घराच्या धन्याला शकुन पाहणाऱ्या पुरोहितांनीं हुकूम केला कीं तुझें घर आकाशदर्शनाच्या आड येतें, उंच भाग पाड. त्यानें तो हुकूम खिशांत ठेवून घर विकून टाकलें. पुरोहितांनीं तोच हुकूम नव्या धन्यास दिला. त्यानें घर पाडलें, आणि मागाहून सर्व हकीकत कळल्यावर दावा लावला. कॅटो न्यायाधीश होता. त्यानें निकाल दिला कीं विकतांना ठाऊक होतें आणि सांगितलें नाहीं, तेव्हां नुकसान विकणारानें भरावें. आज शकुनाचे पुरोहित गेले आणि त्यांच्या जागीं नदीच्या पूररेषा, नगरपालिकेच्या नोटिसा व रस्तारुंदीच्या आखण्या आल्या. सीनेच्या कांठचें घर विकतांना पूररेषेचा नकाशा पेटींत ठेवून देणारा मनुष्य दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या रोमकराहून फारसा निराळा नाहीं.

आमच्याकडील कायदा याबाबतींत पुष्कळांना वाटतो त्याहून अधिक नीतिमान आहे. १८७२ चा करार कायदा नुसत्या मौनाला सामान्यतः कपट म्हणत नाहीं. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें ५५ वें कलम स्थावराच्या विक्रींत विकणारावर स्पष्ट बोजा टाकतें: मिळकतींत किंवा तिच्या मालकींत असा महत्त्वाचा दोष असेल कीं जो त्याला ठाऊक आहे, घेणाराला नाहीं, आणि साधारण काळजी घेऊनही घेणाराला कळला नसता, तर तो सांगितलाच पाहिजे. न सांगणें म्हणजे कपट. निराळा करार नसेल तर हा नियम लागू. २०१६ चा स्थावर संपदा कायदा आला त्यानें बिल्डरला बांधून घेतलें, बांधकामांतील दोष ताबा दिल्यापासून पांच वर्षांत निघाला तर तो दुरुस्त करण्याचें दायित्व त्याच्यावर टाकलें. पण वाड्याची वांटणी करणारे भाऊ बिल्डर नव्हेत, त्यांना जुनें ५५ वें कलमच. आणि एक गोष्ट या सर्वांच्या बाहेरची आहे. गळतीचा डाग तसाच ठेवून कोणी गप्प बसला तर तें मौन. पण चैत्रांत गिऱ्हाईक येणार म्हणून त्या डागावर चुन्याचा हात फिरविला तर तें मौन राहिलें नाहीं. तो हात बोलतो, आणि खोटें बोलतो. येथें वादाला जागाच उरत नाहीं.

मिताक्षरेंत विज्ञानेश्वरानें जमिनीच्या हस्तांतराचीं जुन्या वचनांतलीं सहा अंगें सांगितलीं आहेत: गांव, ज्ञाति, शेजारी व वारस यांची संमति, आणि सुवर्ण व उदक यांचें दान. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेला हा पंडित शेजाऱ्याच्या संमतीचें कारण सीमेचा तंटा टळावा असें देतो, आणि गांवाच्या संमतीचें कारण व्यवहार उघडा व्हावा असें देतो. स्थावर नुसतें विकणें त्या काळच्या धर्मबुद्धीला रुचत नव्हतें, म्हणून विक्रीलाही दानाचें रूप द्यावयाचें. हल्लीं वकिलामार्फत वर्तमानपत्रांत जी जाहीर नोटीस येते, कोणाचा हक्क, बोजा, तारण असल्यास इतक्या दिवसांत कळवावें अशी, ती या जुन्या संमतीचीच नात. पण नातीनें आजीचे अर्धेच गुण घेतले. नोटिशीनें हक्काचे दोष बाहेर येतात, भिंतीचे येत नाहींत. पूर्वीं शेजारी साक्षीस उभा राही, आणि कोणाचें माळवद कोठें गळतें हें त्याला विकणाराइतकेंच ठाऊक असे. आज गिऱ्हाइकाला शेजाऱ्याशीं बोलूं न देतां मोटारींतून आणून मोटारींतून नेणें ही दलालीची पहिली कला समजली जाते.

आतांपर्यंत आम्ही विकणारालाच पिंजऱ्यांत उभें केलें. घेणारा सोंवळा आहे असें मात्र कोणी समजूं नये. त्याच ५५ व्या कलमांत एक पोटकलम आहे, त्याची आठवण वकिलांवांचून फारशी कोणी ठेवीत नाहीं: विकणाराच्या हक्काचें स्वरूप किंवा व्याप्ति यासंबंधीं त्याला स्वतःला ठाऊक नसलेली, आणि त्या हक्काची किंमत बरीच वाढविणारी, गोष्ट घेणाराला ठाऊक असेल तर ती त्यानें सांगितली पाहिजे. येथेंही न सांगणें म्हणजे कपट. परंतु हें हक्कापुरतेंच आहे. बाजारच्या बातमीबद्दल कायदा गप्प आहे. कोपरगांव तालुक्यांत काकडीला २०१७ सालीं विमानतळ सुरू झाला. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. अशा कामांची आखणी लोकांना कळण्यापूर्वीं जो कोणी ती जाणतो, तो बांधावर बसलेल्या म्हाताऱ्याकडून कालच्या भावानें जमीन व तींतलें घर घेऊं शकतो. १८१७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें न्यू ऑर्लीन्सच्या तंबाखूचा असाच खटला आला होता: तह झाल्याची बातमी घेणाराला आधीं कळली, विकणाराला नव्हती, आणि तंबाखूचा भाव झपाट्यानें चढला. न्यायालय म्हणालें, बाहेरची बातमी सांगण्यास घेणारा बांधलेला नाहीं. फक्त त्यानें कांहीं बोलून फसविलें कीं काय तेवढें पुन्हां तपासा. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांत हें चालेल. पेढीवर बसणारा रोज घेतो, रोज विकतो, आज फसला तर उद्यां भरून काढतो. ज्याच्याजवळ आयुष्यांत एकच घर आणि एकच जमीन आहे त्याला ‘उद्यां’ नसतो. म्हणून तंबाखूचा न्याय त्याला लावणें आम्हांस पटत नाहीं.

याहूनही विचित्र प्रकार असा कीं विकणारा व घेणारा एकमेकांस चोरून पाहत असतांना एका बाबतींत त्यांचें सुरेख जमतें. खरी किंमत एक, खरेदीखतांतली दुसरी. मुद्रांक शुल्क व कर वांचावा म्हणून मधला भाग रोखीनें. नगरचा भुईकोट किल्ला पेशव्यांनीं १७५९ सालीं निजामाच्या किल्लेदाराला, कविजंगाला, पैसे देऊन हस्तगत केला. विकणाराचें तें नव्हतें हें दोघांसही ठाऊक होतें. फसला तो तिसरा, आणि पुढल्या वर्षीं त्याचा हिशेब उदगिरास तलवारीनें झाला. राजकारणांत हें क्षम्य मानतात. पण दुय्यम निबंधकापुढें बसून दोन सुशिक्षित गृहस्थ जेव्हां एका खोट्या आंकड्याखालीं आनंदानें सह्या करतात, तेव्हां पावसाळ्यांत माळवद गळूं लागल्यावर ‘आम्हांस खरें सांगितलें नाहीं’ अशी तक्रार करण्याचा नैतिक अधिकार त्यांतल्या एकानें तरी किती राखलेला असतो? कायदा त्याची तक्रार ऐकेल. आम्हांस मात्र ती ऐकतांना थोडें हसूं येतें.

थोरल्या भावाकडे परत येऊं, कारण त्याची अडचण अद्याप सुटलेली नाहीं. भावंडांच्या वांट्याचें काय? आम्हांस असें वाटतें कीं भावंडांचा हक्क वाड्याच्या खऱ्या किमतीवर आहे, गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर नाहीं. वाळवीनें जें खाल्लें तें आधींच खाल्लेलें आहे. थोरल्यानें तोंड उघडल्यानें तें नाहींसें झालें नाहीं. त्यानें भावंडांना आधीं पत्र लिहून तुळईची हकीकत कळवावी, हें त्याचें पहिलें काम. तीं ‘गप्प राहा’ असें सांगण्याचा संभव पुष्कळ आहे. तरी जें पाप होईल तें निदान चौघांच्या सहीचें होईल, आणि सही करण्याची वेळ आली कीं माणसें दचकतात असा अनुभव आहे.

शेवटीं राहतो तो दोष भिंतींत नसून लोकांच्या मनांत असतो. ‘तें घर कोणाला लाभलें नाहीं’ हें वाक्य आपल्याकडे घराची किंमत वाळवीहूनही लवकर खातें. श्रद्धेलाही बाजारभाव असतो. नेवासे तालुक्यांतील शनिशिंगणापुरांत घरांना चौकटी असतात पण दारें नसतात. तेथें घर घेणारा भिंतींबरोबर गांवाची श्रद्धाही पत्करतो. म्हणून कोणी म्हणेल कीं किंमत कमी करणारी प्रत्येक गोष्ट सांगितलीच पाहिजे, मग ती खरी असो वा मनाची. येथें आम्ही थांबतों. ज्या घरांत नवऱ्यानें जीव दिला तें घर विकावयास निघालेल्या बाईनें प्रत्येक गिऱ्हाइकाला ओट्यावर बसवून ती हकीकत सांगावी, अशी अपेक्षा करणें न्यायाचें नव्हे. तुळईचा दोष घराचा आहे. हें दुःख तिचें आहे, आणि तें तिनें विक्रीस काढलेलें नाहीं. मात्र कोणी सरळ विचारलें, ‘बाई, घरांत कांहीं झालें होतें काय?’ तर तिनें ‘नाहीं’ म्हणूं नये. ‘झालें होतें’ एवढें म्हणावें, आणि त्या दिवशीं भाव कांहीं हजारांनीं उतरला तर उतरूं द्यावा. गिऱ्हाईक समंजस असेल तर तें पुढें विचारणार नाहीं. दलाल विचारील, त्याला उत्तर देण्याचें कारण नाहीं.