बुटीबोरी : विकलेले प्लॉट आणि न वसलेले शहर

नागपूरच्या वर्धा रोडवरच्या प्लॉटच्या जाहिराती नीट वाचल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. ज्या जमिनीची ती जाहिरात असते, तिच्याबद्दल तीत फारसे काही लिहिलेले नसते. मिहान इतक्या मिनिटांवर, एम्स इतक्या, जामठ्याचे स्टेडियम इतक्या, समृद्धी महामार्ग इतक्या आणि 'प्रस्तावित मेट्रो स्टेशन' तर हाकेच्या अंतरावर. खाली 'एनएटीपी, आरएल, बँक लोन उपलब्ध' एवढी खात्री. पिण्याचे पाणी कुठून येणार, पावसाळ्यात नाला कुठवर चढतो, शाळा किती दूर आहे, रात्री आठनंतर ऑटो मिळतो का, हे त्यात नसते. घेणाराही विचारत नाही. कारण बहुतेकदा तो तिथे राहायला जाणार नसतो.

बुटीबोरीच्या जमीनबाजाराचे मर्म इथे आहे. या बाजारात जागेपेक्षा जागेभोवतीच्या घोषणा विकल्या जातात. घोषणांचा भाव दर वर्षी वाढवता येतो, पण त्यांच्यावर वस्ती उभी राहत नाही. परिणामी विदर्भातल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक वसाहतीच्या अंगणात प्लॉट मुबलक आणि कामगाराला परवडेल असे घर दुर्मीळ, असे विचित्र चित्र तयार झाले आहे. ही तात्पुरती अवस्था आहे, विकास आला की सगळे आपोआप जुळेल, असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. सध्या ज्या पद्धतीने जमीन विकली जाते, ती पद्धतच शहर वसू देत नाही.

बुटीबोरी हे काही आडगाव नव्हे. नागपूरच्या दक्षिणेला पंचवीस-तीस किलोमीटरवर हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि वर्धा-यवतमाळमार्गे तुळजापूरला जाणारा रस्ता इथे फुटतात. उमरेडचा रस्ता इथूनच निघतो. नागपूर-वर्धा लोहमार्गावर स्थानक आहे आणि वेणा नदीवरच्या वडगाव धरणाचे पाणी जवळ आहे. १९९०च्या दशकात एमआयडीसीने इथे पंचतारांकित औद्योगिक क्षेत्र आखले, त्यामागे हीच कारणे होती. इंडोरामाचा पॉलिएस्टर कारखाना आला, केईसी आली, पुढे सिएटचा टायर कारखाना आला. ग्रामपंचायतीची नगर परिषद झाली. म्हणजे इथल्या जमिनीला किंमत यावी असे खरे, हाताला लागणारे कारण होते : काम.

पण कामावरून ठरणारी किंमत आणि घोषणेवरून ठरणारी किंमत या वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईशी ताडून पाहिले तर हे लवकर कळते. नरिमन पॉइंट किंवा वरळीचा भाव चढतो तेव्हा त्यामागे समुद्र असतो. तीन बाजूंनी पाणी असल्यामुळे जागा संपते, म्हणून इमारत वर जाते. तिथली टंचाई निसर्गाने घातलेली आहे. भराव टाकूनही ती पुरती हटत नाही. बुटीबोरीभोवती समुद्र नाही, डोंगर नाही. चारही दिशांना कापूस, सोयाबीन आणि तुरीची सपाट शेते आहेत. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे ७१९ गावांचा, सुमारे साडेतीन हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश आहे, म्हणजे बृहन्मुंबईच्या सातपटीहून अधिक. एवढी मोकळी जमीन असताना भाव चढतो, याचा अर्थ टंचाई निसर्गाची नसून 'आता घेतला नाही तर हातचा जाईल' या भीतीची आहे. जिथे समुद्र हद्द घालत नाही तिथे ती नियोजनाने घालावी लागते. नियोजनाने घातली नाही, तर लेआउटवाल्याची जीप जिथवर पोचते तिथवर शहर 'येणार' असते.

शेताचा लेआउट होतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. शेतकऱ्याशी एकरावर सौदा होतो आणि ग्राहकाशी चौरस फुटावर. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. रस्ते आणि खुली जागा सोडून निम्म्याहून थोडी अधिक जमीन विक्रीला उरली, असे धरले तरी दीड हजार फुटांचे पंधरा-सोळा प्लॉट निघतात. मूळ मालकाला इसारपत्रावर थोडी रक्कम मिळते, बाकीची हप्त्याहप्त्याने. तोवर मौजा, खसरा क्रमांक आणि पटवारी हलका छापलेले नकाशे वाटले जातात आणि बुकिंग सुरू होते. अकृषक परवानगी व नगररचनेची मंजुरी, म्हणजे 'एनएटीपी', आणि विकासकामे झाल्यावर मिळणारे रिलीज लेटर, म्हणजे 'आरएल', हे टप्पे कागदोपत्री आधीचे. व्यवहारात ते पुष्कळदा मागून येतात. १ मे २०१७पासून महारेरा लागू झाले. पाचशे चौरस मीटरवरच्या प्लॉट-प्रकल्पालाही नोंदणी बंधनकारक झाली आणि करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ही सुधारणा मोठी आहे. पण रेरा ग्राहकाची फसवणूक थांबवतो. रिकामेपण थांबवत नाही. सगळे कागद शुद्ध असलेला, सिमेंट रस्ते आणि विजेचे खांब असलेला लेआउटही वर्षानुवर्षे ओसाड राहू शकतो. त्यात कायद्याचा कुठेही भंग होत नाही.

मग घेणारा चुकतो का? त्याच्या जागी राहून पाहिले तर नाही. नागपुरातला शिक्षक, एसटीतला कंडक्टर, किराणा दुकानदार, मुलगा पुण्यात नोकरीला लागलेले निवृत्त जोडपे, हे या बाजाराचे ग्राहक. फ्लॅट घेण्याइतके पैसे नाहीत, शेअरबाजाराची भीती वाटते, मुदतठेवीचे व्याज महागाईपुढे टिकत नाही. प्लॉट हप्त्याने मिळतो, मुलीच्या लग्नाला विकता येतो आणि त्यावर आपले नाव चढते. त्याच्या दृष्टीने तो लॉकरमधल्या सोन्यासारखा आहे. फरक एवढाच, की लॉकरमधले सोने कोणाची वाट अडवत नाही. प्लॉट अडवतो. शंभर प्लॉटच्या लेआउटमध्ये चार घरे उभी राहिली, की त्या चार घरांसाठी शंभर प्लॉटचे रस्ते, गटार, जलवाहिनी आणि दिवे लागतात. चार घरांसाठी बस येत नाही, दवाखाना निघत नाही. बस आणि दवाखाना नाही, म्हणून पाचवा माणूस घर बांधत नाही. प्रत्येकाचा शहाणा निर्णय मिळून एक वेडे गाव तयार होते.

दुसरीकडे, ज्याला घराची खरी गरज आहे तो या बाजारात दिसतच नाही. कारखान्यांतले कायम कर्मचारी आणि अधिकारी मोठ्या प्रमाणावर नागपुरातून कंपनीच्या बसने येतात. ठेकेदाराकडचा कामगार, मग तो बिहार-छत्तीसगडचा असो की चंद्रपूर-यवतमाळचा, गावठाणात किंवा आसपासच्या खेड्यात एका खोलीत चौघांसोबत राहतो. त्याला मालकीचा प्लॉट नको आहे. त्याला पाण्याची वेळ ठरलेली, संडास असलेली, फाटकापासून चालत जाण्याजोगी भाड्याची खोली हवी आहे. पण जमिनीचा भाव घोषणेने ठरतो तेव्हा भाड्याच्या खोलीचे गणित बसत नाही. कामगाराच्या पगारातून निघणारे भाडे जमिनीत गुंतलेल्या पैशाला पुरत नाही, आणि काही न बांधताच भाव वाढणार असेल तर खोल्या बांधून भाडेकरूंची कटकट कोण घेईल? भाडे मात्र कामामागे चालते. इथल्या सहाशे मेगावॅटच्या वीज प्रकल्पाची चाके २०१९पासून अनेक वर्षे थांबलेली होती. २०२५मध्ये तो अदानी पॉवरने घेतला. कारखाना थांबला की आसपासच्या खोल्या महिन्या-दोन महिन्यांत रिकाम्या होतात, खानावळ बंद पडते. प्लॉटच्या दराला मात्र याचा पत्ता नसतो. खोलीचे भाडे आज काय आहे ते सांगते, प्लॉटचा दर उद्या काय होईल अशी आशा आहे ते सांगतो. बुटीबोरीचे आरोग्य तपासायचे तर मी भाड्याकडे पाहीन.

व्यापारी जागांचीही हीच गत. चौकात आणि महामार्गालगत धाबे, टायरची दुकाने, धर्मकाटे, सुट्या भागांची दुकाने, लॉज आणि बँकांच्या शाखा आहेत. तिथल्या गाळ्याला चांगले भाडे मिळते. रस्त्यापासून आत वळले की ती रांग विरळ होत जाते. हा व्यापार थांबणाऱ्या ट्रकवर आणि जाणाऱ्या गाडीवर जगतो, राहणाऱ्या कुटुंबावर जगत नाही. म्हणूनच तो रस्त्याच्या नशिबाला बांधलेला आहे. चौकातला उड्डाणपूल २०२१मध्ये सुरू झाला आणि तडे गेल्यामुळे डिसेंबर २०२४मध्ये बंद करावा लागला, तेव्हा वाहतुकीची घडी एका रात्रीत बदलली. राहत्या वस्तीचा बाजार असा हेलकावत नाही. पण बुटीबोरीत मिळवलेला पगार बुटीबोरीत खर्च होत नाही. तो संध्याकाळच्या बसने नागपुरात, सीताबर्डीला, धरमपेठेला, मनीषनगरला जातो.

जुन्या उद्योगांनी हे वेगळ्या रीतीने सोडवले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये कुंडलजवळच्या माळरानावर कारखान्याबरोबर वाडी वसवली. नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि तिच्या भोवती भोंग्यावर चालणारे मोहल्ले दाट होत गेले. २००२मध्ये ती बंद पडली आणि जागेवर मॉल उभा राहिला. त्या काळाचे गोडवे गाण्याची गरज नाही. मालकाने दिलेले घर नोकरीबरोबर जाते आणि संपात ते मालकाच्या हातातले हत्यार होते. पण कामगार राहणार कुठे, हा प्रश्न कारखाना काढताना कोणीतरी विचारत होता. आज कारखाना म्हणतो ते सरकारचे काम, सरकार म्हणते ते बाजाराचे, आणि बाजार प्लॉट विकत बसला आहे.

याचा शेवट काय होतो, हे नागपूरला शिकवायला नको. शहराने '५७२' आणि '१९००' हे आकडे अनधिकृत लेआउटांची नावे म्हणून तोंडपाठ केले आहेत. आधी प्लॉट विकले, मग घरे झाली, मग नागपूर सुधार प्रन्यासाकडे डिमांड नोटसाठी खेपा आणि त्यानंतर गटारासाठी मोर्चे. २००१मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, २०२१मध्ये त्याची मुदत २०२०अखेरपर्यंत पुढे ढकलली गेली आणि २०२५मध्ये जमिनीच्या लहान तुकड्यांच्या व्यवहारांवरची तुकडेबंदीही शिथिल झाली. आधीच राहणाऱ्या कुटुंबांना दिलासा देणे योग्यच होते. पण प्रत्येक माफीतून पुढच्या विक्रेत्याला एक संदेश गेला : आधी विका, सरकार मागून येतेच.

आता डाव मोठा झाला आहे. केंद्राने ७ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा मंजूर केला : ४३.८ किलोमीटर, ३२ स्थानके, ६,७०८ कोटी रुपये. त्यात मिहान ते बुटीबोरी एमआयडीसी ही १८.६ किलोमीटरची मार्गिका आहे. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हिंगणा तालुक्यातल्या गोधणी आणि लाडगाव इथे सुमारे ६९२ हेक्टरवर 'नवीन नागपूर' हे आंतरराष्ट्रीय व्यापार व वित्तकेंद्र मंजूर केले. पैसा सार्वजनिक आहे; त्याने चढणारा भाव खासगी. अमेरिकन अर्थचिंतक हेन्री जॉर्जने १८७९मध्ये 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी'त हाच प्रश्न मांडला होता : समाजाने निर्माण केलेले जमिनीचे मूल्य मालकाच्या खिशात का जावे? हाँगकाँगच्या रेल्वे कंपनीने स्थानकांलगतच्या जमिनीच्या विकासातून मार्गांचा खर्च काढून व्यावहारिक उत्तर दिले. आपण काय केले? नागपूरसह मुंबई, पुणे, ठाण्यात खरेदीवर एक टक्का मेट्रो अधिभार लावला. तो राहायला घर घेणाऱ्यालाही तितकाच पडतो आणि जमीन दाबून बसलेल्याला, जोवर तो विकत नाही तोवर, काहीच पडत नाही.

उलटे करायला हवे. रस्ते, पाणी आणि वीज पोचलेल्या लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर दर वर्षी वाढत जाणारा कर असावा, आणि बांधकाम झाले की तो उतरावा. सेवा देण्याचा क्रम गावठाण आणि स्थानकापासून बाहेरच्या दिशेने जाहीर करावा, म्हणजे दूरच्या खसऱ्यावरची 'लवकरच' ही पाटी आपोआप खोटी ठरेल. एमआयडीसीची जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते. मुदतीत उद्योग न काढलेले भूखंड परत घेऊन त्यातला काही भाग भाड्याच्या घरांसाठी राखून ठेवावा. केंद्राने २०२०मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली आणि २०२४च्या अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांच्या भाड्याच्या निवासाची घोषणा केली. राज्याच्या २०२५च्या गृहनिर्माण धोरणातही कामाजवळ घर ही कल्पना आहे. कागद तयार आहे. बुटीबोरीसारखी जागा त्याच्या परीक्षेसाठी दुसरी नाही.

रिकाम्या प्लॉटवरचा कर लहान माणसाला मारेल, हा आक्षेप खरा आहे. शिक्षकाचा आयुष्यभराचा एकच प्लॉट आणि दलालाने वेगवेगळ्या नावांनी ठेवलेले चाळीस प्लॉट यांना एका तागडीत घालता येणार नाही. एका कुटुंबाला एका प्लॉटवर काही वर्षांची सूट द्यावी. आधार आणि नोंदणीच्या संगणकीकरणानंतर हे अशक्य राहिलेले नाही. शेतकरी म्हणेल, भाव उतरला तर माझेच नुकसान. पण त्याला मिळतो तो एकराचा भाव. फुटाचा भाव मधल्यांचा असतो. विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पासाठी जमीन गेलेल्या शिवणगावसारख्या गावांना मोबदला आणि पुनर्वसनासाठी किती वर्षे झगडावे लागले, हे परिसराला ठाऊक आहे. जमिनीचे मूल्य खरोखर शेतकऱ्याला द्यायचे असेल, तर विकसित भूखंडात त्याला कायमचा वाटा द्यावा. फुगलेल्या दराने ते साधत नाही.

आपण मोजतो काय, यावर बरेच ठरते. दरवर्षी किती दस्त नोंदले गेले आणि मुद्रांक शुल्क किती जमले, याला आपण प्रगती म्हणतो. त्याऐवजी किती नवे वीज मीटर लागले, किती मुले पहिलीत दाखल झाली आणि कामगाराच्या पगाराचा कितवा हिस्सा भाड्यात जातो, हे मोजले, तर बुटीबोरीचे खरे चित्र दिसेल. मेट्रो आल्यावरही हीच कसोटी लागेल. ती गाडी रोज सकाळी हजारो कामगारांना नागपुरातून आणून संध्याकाळी परत नेणार असेल आणि दोन्ही बाजूंचे प्लॉट रिकामेच राहणार असतील, तर बुटीबोरीत शहर वसवण्यात आलेल्या अपयशाची ती सार्वजनिक पैशांतून केलेली भरपाई ठरेल. मार्गिका पूर्ण होण्याआधीच जमिनीचे नियम बदलले तर तो पैसा वस्तीच्या कामी येईल. नंतर ते बदलून उपयोग होईल इतकी जमीन सरकारच्या हातात उरणार नाही.